धेनुकाकटचा सुतार सामी आणि आपल्या घरातले कारागीर

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि सनावळ्या एवढंच आपल्याला शाळेत शिकवलं गेलं. कोणी कोणाचा पराभव केला, कोण किती वर्षे गादीवर बसला, हे पाठ करता करता आपलं बालपण गेलं. त्या राजाचा वाडा कोणी बांधला, त्याच्या दाराची चौकट कोणी बसवली, हे मात्र कोणत्याच पुस्तकात नव्हतं. त्यामुळे इतिहास हा मोठ्या लोकांचा असतो आणि आपल्या आजा-पणजाचा त्यात काही संबंध नाही, असं आपण धरून चाललो.

पण धम्मबांधवांनो आणि भगिनींनो, याच महाराष्ट्रात, आपल्या सह्याद्रीच्या कड्यांत, एक वेगळा इतिहास कोरलेला आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी इथे सुतार, लोहार, सोनार, माळी यांची नावे विहारांच्या आणि चैत्यगृहांच्या भिंतीवर कोरली जात होती. ज्या भिंतीवर राजाच्या जावयाचा लेख, त्याच भिंतीवर सुताराचाही लेख. आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत त्या कारागिरांपैकी एकाची आठवण करावी आणि त्या निमित्ताने आपल्या घरातल्या कारागिरांकडेही पाहावं, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

एका ओळीचे चरित्र

पुण्याहून मुंबईकडे जाताना लोणावळ्याच्या अलीकडे मळवली स्टेशन लागते. तिथून कार्ल्याचा डोंगर दिसतो. आपल्यापैकी पुष्कळजण तिथे जाऊन आलेले असतील. पायऱ्या चढून वर गेलं की एकवीरा देवीचे देऊळ लागते आणि त्याच्या शेजारीच ते भव्य चैत्यगृह आहे. लेखांत या ठिकाणाचे नाव ‘वलुरक’ असे येते. चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांब, ४५ फूट रुंद आणि जवळपास तेवढेच उंच आहे. आत ३७ खांब आहेत. वर मान करून पाहिलं तर छताला लाकडी कमानी दिसतात. त्या आजच्या नाहीत. दोन हजार पावसाळे पाहिलेलं ते लाकूड अजून जागेवर आहे!

हे चैत्यगृह वैजयंती म्हणजे आजच्या बनवासीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने पूर्ण केले असे तिथला लेख सांगतो, आणि जंबुद्वीपात याच्यासारखे दुसरे नाही असा अभिमानही त्यात आहे. पुढचा सिंहस्तंभ महारठी अग्निमित्रणक याचे दान आहे. नहपान राजाचा जावई उषवदात याने इथल्या भिक्षूंसाठी करजिक नावाचे गाव दिले, त्याचाही लेख तिथेच आहे. इथपर्यंत सगळी मोठी माणसं झाली. पण त्याच दर्शनी भागावर आणखी काही छोटे लेख आहेत. धेनुकाकट नावाच्या गावच्या सिंहदत्त नावाच्या गांधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा धंदा करणाऱ्याने, दाराचे दान दिले असे एक लेख म्हणतो. आणि दुसरा लेख असा की, धेनुकाकटचा वड्ढकी सामी, वेणुवासाचा मुलगा, याने हे दार केले.

वड्ढकी म्हणजे सुतार. विदर्भात सुताराला आजही वाढई म्हणतात. तो शब्द याच घराण्यातला. दोन हजार वर्षांत राज्ये आली आणि गेली, पण सुताराचे नाव लोकांच्या तोंडात टिकून राहिलं.

सामीचं चरित्र ते एवढंच. एक ओळ. पण त्या ओळीत काय काय आहे ते पाहा. माणसाचं नाव आहे. त्याचा धंदा आहे. बापाचं नाव आहे. गाव आहे. आणि त्याने काय काम केलं तेही आहे. आता आपल्यापैकी प्रत्येकाने मनाशी विचार करावा, की आपल्या पणजोबांबद्दल या पाच गोष्टी आपल्याला सांगता येतील का? पुष्कळांना नाव आणि गाव यापुढे जाता येणार नाही, आणि काहींना तेवढंही जमणार नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या सुताराबद्दल आपल्याला जेवढं माहीत आहे तेवढं शंभर वर्षांपूर्वीच्या आपल्याच रक्ताच्या माणसाबद्दल माहीत नाही. असं का झालं, याचा शोध घेतला पाहिजे.

आता कोणी विचारील, दगडाच्या लेण्यात सुताराचं काय काम? तर लेणी नीट पाहिली की याचं उत्तर मिळतं. आधी या देशात चैत्य आणि घरे लाकडाची होती. डोंगर कोरणाऱ्यांनी लाकडी घराचाच नमुना दगडात उतरवला. कमान, तुळई, गवाक्ष, सज्जा, कठडा, सगळं सुतारकामाचं. कार्ल्याला आणि भाज्याला तर दगडाच्या छताला खऱ्या लाकडाच्या कमानी बसवल्या आहेत. दगडाचं छत स्वतःच्या बळावर उभं आहे, त्याला लाकडाच्या आधाराची गरज नाही. तरी त्या बसवल्या, कारण उपासकाला ते ओळखीचं, घरच्यासारखं वाटावं. डोंगराच्या गोलाईला लाकडाची गोलाई बरोबर बसवणं हे काय साधं काम आहे? ज्याने कधी रंधा आणि वाकस हातात धरला आहे त्याला विचारा.

सामी एकटा नव्हता

कुणाला वाटेल की हा एखादा अपवाद असेल. तसं नाही. कार्ल्यालाच आणखी एक लेख आहे. घुणिकाची आई कोटी नावाची भिक्षुणी, तिने वेदिका म्हणजे कठडा दान दिला, आणि तो नंदिकाने घडवला. देणारीचेही नाव आहे आणि घडवणाऱ्याचेही आहे. पैसा देणारा मोठा आणि हाताने काम करणारा लहान, असा भेद त्या दगडावर नाही.

कर्जतजवळ राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाणे लेणी आहेत. तिथे चैत्याच्या दर्शनी भागाशेजारी एका मोठ्या मूर्तीचे मस्तक उरले आहे आणि त्याजवळ लेख आहे, की कण्हाचा शिष्य बलक याने हे केले. पाहा, बलकाने आपल्या नावाआधी आपल्या उस्तादाचे नाव घातलं! जुन्या कारागिरांत अजूनही ही रीत आहे. चांगल्या मिस्त्रीला विचारलं की तो आधी सांगतो, मी अमक्याच्या हाताखाली शिकलो.

कन्नड-चाळीसगावच्या डोंगरात पितळखोरे आहे. तिथे १९५० च्या दशकात उत्खनन झाले तेव्हा यक्षाची एक सुंदर दगडी मूर्ती सापडली. ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्या हसऱ्या यक्षाच्या हातावर लेख आहे, की ही मूर्ती कण्हदास सोनाराने केली. सोनाराचा हात दगडावर चालला! म्हणूनच त्या यक्षाच्या अंगावरचे दागिने इतके नाजूक उतरले आहेत. त्याच पितळखोऱ्याला मगिल नावाच्या राजवैद्याच्या कुटुंबाची दाने आहेत. त्याच्या मुलाचे नाव आहे तसे मुलीचेही आहे.

मुंबईजवळच्या कान्हेरीला गेलात तर तिथे कल्याणच्या सामिदत्त सोनाराने दिलेले पाण्याचे टाके आहे. कल्याणच्याच नंद लोहाराने वाटेचे दान दिले आहे. डोंगरावर येणाऱ्या-जाणाऱ्याचे पाय दुखू नयेत, त्याला पाणी मिळावे, हा विचार लोहार-सोनाराने केला. सोपाऱ्याचा मणिकार नागपालित याने सपरिवार दान दिले असे लेखात आहे. एकट्याने नाही, आपल्या सगळ्या माणसांसह. रायगड जिल्ह्यातल्या कुडा लेण्यांत वधुक माळ्याचा मुलगा शिवपिरित माळी याचे दान आहे, आणि कऱ्हाडच्या महिक नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याचेही आहे.

महाराष्ट्राबाहेर सांचीला तर दक्षिण तोरणावर दोन लेख आहेत. एक म्हणतो, विदिशेच्या हस्तिदंताचे काम करणाऱ्यांनी हे कोरीव काम केले. दुसरा म्हणतो, सातकर्णी राजाच्या कारागिरांचा प्रमुख आनंद, वासिष्ठीचा मुलगा, याचे हे दान. इथे त्याची ओळख आईच्या नावाने आहे.

हे सगळे लेख ब्राह्मी लिपीत आणि त्या काळच्या बोलीच्या प्राकृत भाषेत आहेत. मधल्या काळात ती लिपी लोक विसरून गेले. लेण्यांना पांडवांची लेणी म्हणू लागले. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली आणि पुढे बर्जेस, भगवानलाल इंद्रजी, सेनार यांसारख्या विद्वानांनी आपल्याकडचे लेख वाचून छापले, तेव्हा सामी, नंदिक, बलक ही माणसं पुन्हा बोलू लागली.

घरदार सांभाळणारा कुंभार

लेण्यांतल्या लेखांवरून धंदा कळतो, पण घरातला माणूस कसा होता ते कळत नाही. ते कळायचं असेल तर पाली साहित्याकडे जावं लागतं. मज्झिम निकायात घटीकार सुत्त आहे. ही कथा तथागतांनी आनंदाला सांगितली. काश्यप बुद्धाच्या काळात वेभलिंग गावात घटीकार नावाचा कुंभार होता. त्याचे आई-वडील म्हातारे आणि आंधळे होते आणि तोच त्यांचा सांभाळ करीत असे. त्याचा ज्योतिपाल नावाचा ब्राह्मण मित्र होता. घटीकार त्याला म्हणे, चल, बुद्धाच्या दर्शनाला जाऊ. ज्योतिपाल टाळाटाळ करी, त्या मुंडक्या श्रमणाला काय पाहायचं म्हणे. शेवटी एक दिवस दोघे नदीवर न्हायला गेले असता घटीकाराने त्याचे केसच धरले! कुंभाराने ब्राह्मणाच्या केसाला हात घातला म्हणजे गोष्ट काही साधी नसणार, असं ज्योतिपालाला वाटलं आणि तो गेला. पुढे ज्योतिपालाने प्रव्रज्या घेतली. घटीकार मात्र घरीच राहिला. त्याला विचारलं तर तो म्हणाला, मला आंधळे आई-बाप सांभाळायचे आहेत.

या कुंभाराच्या धंद्याची रीतही सुत्तात दिली आहे. तो स्वतः जमीन खणत नसे, जीव मरतील म्हणून. काठाची ढासळलेली माती, उंदरांनी उकरलेली माती आणून त्याची भांडी करी. भांडी मांडून ठेवी आणि म्हणे, ज्याला हवं त्याने इथे तांदूळ किंवा कडधान्य ठेवावं आणि हवं ते भांडं न्यावं. राजाने त्याच्यासाठी पाचशे गाड्या तांदूळ पाठवला तेव्हा त्याने तो परत केला. राजाला खर्च पुष्कळ असतात, मला आहे ते पुरे आहे, असं तो म्हणाला. आणि स्वतः काश्यप बुद्ध त्याच्या गैरहजेरीत घरी येऊन हंडीतलं अन्न आपल्या हाताने घेऊन गेले, कुटी गळत होती म्हणून त्याच्या छपराचं गवत काढून नेलं, तेव्हा त्याला इतका आनंद झाला की तो कित्येक दिवस टिकला. माझ्यावर एवढा विश्वास टाकला, हाच तो आनंद.

तथागत शेवटी सांगतात की तो ज्योतिपाल म्हणजे मागच्या जन्मीचे आपणच. याचा अर्थ साधा आहे. बोधिसत्त्वाला वाटेवर आणलं ते एका कुंभाराने, आणि तो कुंभार संसारी होता. आई-बाप सांभाळणं, धंदा सचोटीने करणं आणि मित्राला चांगल्या वाटेला लावणं, हाच त्याचा धम्म होता.

सिगालोवाद सुत्तातही हाच उपदेश गृहस्थाला केला आहे. मुलाला शिल्प म्हणजे हुन्नर शिकवणं हे तिथे आई-बापाच्या पाच कर्तव्यांपैकी एक सांगितलं आहे. कमाईचे चार भाग करावेत, एक खाण्यापिण्याला, दोन धंद्यात आणि चौथा अडीअडचणीसाठी ठेवावा, हा हिशेबही त्यात आहे. आपल्या कितीतरी बापांनी हे सुत्त वाचलेलं नव्हतं, पण महिन्याच्या पगाराच्या पुड्या बांधताना ते याच हिशेबाने बांधत होते.

विणकरांकडे ठेवलेला पैसा

त्या काळी कारागिरांच्या श्रेणी म्हणजे संघटना होत्या आणि त्यांची पत मोठी होती. नाशिकच्या लेण्यांत उषवदाताचा लेख आहे. त्याने भिक्षुसंघासाठी ३००० कार्षापण कायमची ठेव म्हणून दिले. ही रक्कम कोणा सावकाराकडे ठेवली नाही. गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. एकीकडे २०००, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. आता २००० चे वर्षाचे व्याज झाले २४०. त्यातून वर्षावासातल्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण. हिशेब पैशाला पैसा बरोबर जुळतो. नाशिकलाच विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेचा लेख आहे. तिने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी ठेवी दिल्या, त्या तेली आणि इतर कारागिरांच्या श्रेणींकडे. जुन्नरला बांबूचे काम करणाऱ्यांच्या आणि काशाचे काम करणाऱ्यांच्या श्रेणींकडे अशाच ठेवी होत्या. म्हणजे आपले बुरूड आणि कासार.

राजाचा जावई विणकराच्या हाती पैसा ठेवून निश्चिंत होतो, हे लक्षात ठेवा. कारण यापुढे जे सांगायचं आहे ते याच्या अगदी उलट आहे.

धागा तुटला तो इथे

पुढे जातिव्यवस्था घट्ट झाली. धंदा हाताच्या गुणावर न राहता जन्मावर गेला आणि हाताने काम करणारा खालचा ठरला. त्यातही आपल्या माणसांच्या वाट्याला जे आलं ते सर्वांत खालचं. १९३६ साली बाबासाहेबांनी आपल्या जातिनिर्मूलनावरच्या ग्रंथात दाखवून दिलं की ही व्यवस्था कामाची वाटणी करत नाही, काम करणाऱ्या माणसांचेच कप्पे पाडते.

याचा पुरावा पाहायला फार मागे जायला नको. विदर्भात महार समाजातली कित्येक कुटुंबं हातमागावर जाडंभरडं कापड विणत असत. विणणं हा त्यांचा पिढीजात हुन्नर होता. पण मुंबईच्या गिरण्यांत मात्र अस्पृश्य कामगाराला साळखात्यात म्हणजे विणकाम खात्यात घेत नसत. का? तर धोट्यातली कांडी बदलताना सुताचं टोक तोंडाने ओढून घ्यावं लागे, आणि ज्या धोट्याला अस्पृश्याचं तोंड लागलं त्याला आपलं तोंड कसं लावायचं, असं सवर्ण कामगार म्हणत! साळखात्यात पगार जास्त. म्हणून आपली माणसं कमी पगाराच्या खात्यांत राहिली. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला. मजुरांची एकी हवी असेल तर आधी हा अन्याय दूर करा, असं त्यांचं म्हणणं होतं.

रेल्वेतही तेच. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. बाबासाहेब अध्यक्ष होते. आपला माणूस गँगमन म्हणून जन्म काढतो आणि वरच्या जागा त्याला मिळत नाहीत, हे त्यांनी तिथे उघड सांगितलं. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत हा विचार त्यांनी याच परिषदेत मांडला.

गोवर्धनच्या विणकरांवर राजघराण्याने विश्वास टाकला होता आणि मुंबईत विणकरणाऱ्या हातांना माग नाकारला गेला. आपल्या घरातल्या कारागिराचं नाव कुठे लिहिलं गेलं नाही, त्याचं कारण हेच आहे. हुन्नर होता, पण हुन्नराचा मान काढून घेतला होता. मान नसलेल्या कामाची नोंद कोण ठेवणार? मुलालाही बापाचा धंदा सांगायची लाज वाटू लागली.

तरीही या माणसांनी हार मानली नाही. दाराआड उभं राहून, साहेबाच्या हाताकडे पाहून ती काम शिकली. कोणी फिटर झाला, कोणी वायरमन, कोणी गवंडी, कोणी शिंपी. दिवसभर राबून रात्री पोरांना कंदिलापुढे बसवलं. स्वतःला सही येत नसताना मुलाच्या प्रगतिपुस्तकावर अंगठा उमटवला आणि ‘शिक’ म्हणाले. घरातल्या बाईनेही तेवढंच केलं. सुईण म्हणून कितीजणींनी अख्ख्या वस्तीची बाळंतपणं केली, त्यांचा हुन्नर तर कोणी हुन्नर म्हणूनही मोजला नाही.

आपल्या भिंतीवर काय लिहायचं?

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि त्यानंतर गावोगावी, वस्तीवस्तीत विहारं उभी राहिली. ती वर्गणीतून आणि श्रमदानातून उभी राहिली. पाया कोणी खोदला, विटा कोणी रचल्या, दाराची चौकट कोणी बसवली? वस्तीतल्याच माणसांनी, दिवसाची पाळी संपवून, फुकट. आज विहाराच्या भिंतीवर देणगीदारांची संगमरवरी पाटी असते. अमुक इतके रुपये. ती असायलाच हवी. पण कार्ल्याच्या भिंतीवर कोटी भिक्षुणीच्या शेजारी नंदिक आहे. आपल्या पाटीवर नंदिक कुठे आहे?

म्हणून एक सूचना कराविशी वाटते. प्रत्येक विहाराने एक वही घालावी. तीत वस्तीतल्या जुन्या कारागिरांची नोंद करावी. सामीच्या लेखात आहेत त्याच पाच गोष्टी: नाव, धंदा, आई-बापाचं नाव, गाव, आणि त्याने काय घडवलं. जमल्यास तो कोणाच्या हाताखाली शिकला आणि त्याने कोणाला शिकवलं तेही लिहावं. घरात जुनी थापी असेल, ओळंबा असेल, गिरणीचा बिल्ला असेल तर तो भंगारात घालू नये. म्हातारी माणसं बसलेली असतात, त्यांच्याजवळ बसून विचारावं. त्यांच्याबरोबर जे जाईल ते कोणत्याही प्रिन्सेपला पुन्हा वाचता येणार नाही.

आपली मुलं आज डॉक्टर, इंजिनीअर, अधिकारी होत आहेत याचा आनंद आहे. पण इंजिनीअर झालेल्या मुलाला आपला आजोबा गवंडी होता हे अभिमानाने सांगता आलं पाहिजे. वेणुवासाच्या मुलाने आपलं नाव सांगताना आपला धंदा लपवला नाही. त्याने केलेल्या दारातून आजही लोक आत जातात आणि स्तूपापुढे हात जोडतात.

जयभीम! नमो बुद्धाय!